लोंबत्या वायरीला कर्ज कोण देणार?

केबलवाल्यांविषयी माझं मत फार वर्षं ठाम होतं, आणि ते वाईट होतं. नुसतं मनात असतं तर गोष्ट वेगळी. मी बँकेत शाखाधिकारी होतो. ते मत मी एका कर्जप्रकरणाच्या टिपणात लिहिलं आणि खाली सही केली. त्या सहीने काय केलं हे मला बरंच उशिरा कळलं. याबद्दल मी घरीही कधी नीट बोललेलो नाही. आता निवृत्त होऊन बराच काळ लोटला आहे आणि राखायची अशी प्रतिष्ठाही फारशी उरलेली नाही, म्हणून लिहितो.

१९९२ साली मी सांगलीत होतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३मध्ये ‘सीतास्वयंवर’ जिथे रंगभूमीवर आणलं ते हे गाव. मी मूळचा तिथला नव्हे, पण नाटकाच्या वेडामुळे लवकर तिथला झालो. तालमींना जाऊन बसायचं, वाचनालयात जायचं, कृष्णेच्या काठाने फेरी मारायची आणि रात्री दूरदर्शनच्या बातम्या पाहायच्या, असं माझं आयुष्य होतं. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं तेव्हापासून दूरदर्शनबद्दल मला जिव्हाळा होता. टपाल, रेल्वे, आकाशवाणी, तसंच दूरदर्शन. सरकारने चालवावं आणि आपण पाहावं. त्यात कुणी पैसे मिळवायला उतरेल ही कल्पना मला सहन होत नसे.

आणि उतरले कोण, तर व्हिडिओवाले. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला मुंबईच्या उंच इमारतींत हा प्रकार सुरू झाला होता. एका खोलीत व्हीसीआर ठेवायचा, गच्चीवरून वायर खाली सोडायची आणि मजल्यामजल्यावरच्या घरांना रोज एकदोन सिनेमे दाखवायचे. तिथून तो गावोगाव पसरला. व्हिडिओवाला म्हटलं की माझ्यासारख्याला दोनच गोष्टी आठवत: चोरून आणलेल्या सिनेमाच्या कॅसेटी आणि निळ्या फिती. मग जानेवारी १९९१मध्ये आखाती युद्ध पेटलं. बगदादवरचे हल्ले सीएनएनवर घडत असतानाच दिसतात, हे ज्या थोड्यांना डिशवर पाहायला मिळालं त्यांनी गावभर सांगितलं. त्याच वर्षी स्टारच्या वाहिन्या सुरू झाल्या. व्हीसीआरच्या शेजारी डिशचा रिसीव्हर येऊन बसला आणि व्हिडिओवाल्याचा केबलवाला झाला. ‘सांताबार्बरा’ आणि ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ घराघरांत दिसू लागल्यावर आमच्या मंडळींत सांस्कृतिक आक्रमणाची चर्चा सुरू झाली. तीत सर्वांत मोठा आवाज माझा असे.

अशा वेळी तो माझ्यासमोर येऊन बसला.

वय पंचविशीच्या आसपास. आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकलेला. वडील एसटीत कंडक्टर. गावभागात एका गाळ्यात त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्यातच कॅसेट भाड्याने देण्याची लायब्ररी. अर्ज दीड लाखाचा होता. सोबत रिसीव्हर, मॉड्युलेटर, अँप्लिफायर आणि वायरीची रिळं यांची कोटेशनं होती, बहुतेक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांची. डिश मात्र तो गावातल्याच फॅब्रिकेशनवाल्याकडून जाळी वळवून करून घेणार होता. एक नकाशाही होता, हाताने काढलेला. कुठली गल्ली, कुठलं घर, वायर कुठून वळणार, कुठे अँप्लिफायर बसणार, सगळं शाईने नीट दाखवलेलं. असा नकाशा एखाद्या पाटबंधारे खात्याच्या ज्युनिअर इंजिनिअरने आणला असता तर मी त्याचं कौतुक केलं असतं.

मी विचारलं, “तारण काय देणार?”

“साहेब, लाइन आहे की. आणि सगळा माल.”

“दुसऱ्यांच्या भिंतींवर लोंबणारी वायर! तिला कर्ज कोण देणार?”

हे मी शेजारच्या टेबलांना ऐकू जाईल असं म्हणालो. दोघंतिघं हसले. त्याने नकाशाची घडी घातली आणि “तरी अर्ज ठेवून घ्या” एवढंच म्हणाला. मी त्याला अरे-तुरे करत होतो. त्याच्याच वयाच्या, पण चांगल्या घरातल्या अर्जदाराला मी अहो-जाहो करत असे. हा फरक माझ्या तेव्हा लक्षातही आला नव्हता.

टिपणात मी तीन कारणं लिहिली. एक, पुरेसं मूर्त तारण नाही. दोन, व्यवसायाला कायद्याचा आधार नाही, सार्वजनिक रस्त्यावरून वायर नेणं १८८५च्या टेलिग्राफ कायद्याखाली परवानगीशिवाय होत नाही. तीन, असा व्यवसाय समाजहिताच्या दृष्टीने उत्तेजन देण्याजोगा वाटत नाही. पहिली दोन कारणं बँकेची होती. तिसरं मला कुणी विचारलेलं नव्हतं. ते माझं होतं, आणि खरं कारण तेच होतं. पहिली दोन मी त्याला पांघरूण म्हणून वापरली.

पांघरूण म्हणतो, कारण तारणाबाबत आम्ही इतके काटेकोर नव्हतोच. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवत. त्या हळदीवर आम्ही कर्ज देत होतो. पेव एकदा बंद केलं की आत काय आहे ते कुणाला दिसत नाही. व्यापाऱ्याच्या घराण्याकडे बघून आम्ही मान डोलवायचो. जमिनीखालचं न दिसणारं आम्हाला पटत होतं आणि भिंतीवरचं दिसणारं पटत नव्हतं. त्याच १९९२च्या एप्रिलमध्ये मुंबईत हर्षद मेहता प्रकरण फुटलं. मोठमोठ्या बँकांनी मागे काहीच नसलेल्या कागदी पावत्यांवर पैसे दिले होते. तूट चार हजार कोटींच्या वर असल्याचं जानकीरामन समितीने पुढे दाखवलं. ते वाचून मी खूप संतापलो. आपण कसे सावध आहोत, दीड लाखाचं प्रकरणसुद्धा कसं पारखून घेतो, असं सहकाऱ्यांना सांगितल्याचं मला आठवतं.

आणखी एक गोष्ट मी पुढे वाचली, आणि बँकेतल्या माणसाला ती विशेष टोचावी. स्टारच्या आणि २ ऑक्टोबर १९९२ला सुरू झालेल्या झी टीव्हीच्या वाहिन्या ज्या एशियासॅट-१ उपग्रहावरून येत, तो मुळात बुडीत खात्यातला माल होता. १९८४मध्ये वेस्टार-६ या नावाने तो सोडला गेला आणि चुकीच्या कक्षेत जाऊन निकामी ठरला. विमा कंपन्यांनी भरपाई दिली. त्याच वर्षी अमेरिकी अंतराळयानाने तो उचलून पृथ्वीवर आणला. मग तो दुरुस्त झाला, विकला गेला आणि एप्रिल १९९०मध्ये चिनी रॉकेटवरून पुन्हा वर गेला. झी काढणारे सुभाष चंद्र हे तांदळाच्या व्यापारातून आणि टूथपेस्टच्या ट्यूब बनवण्याच्या धंद्यातून आलेले. दूरचित्रवाणीचा त्यांना काडीचा अनुभव नव्हता. माझ्या टेबलावर ही सगळी साखळी आली असती तर प्रत्येक कडीवर मी नकार लिहिला असता.

त्या मुलाचा अर्ज परत गेला. मी तो विसरलो.

मतात पहिला तडा गेला तो मार्च १९९४च्या वर्षअखेरीला, माझ्याच शाखेत, रात्री उशिरा. तेव्हा आमच्याकडे संगणक नव्हता. लेजरं हाताने लिहिली जात. चालू खात्यांची बेरीज जुळत नव्हती, फरक काही शे रुपयांचा होता आणि तो शोधणं भाग होतं. क्लार्क थकले होते, म्हणून एक लेजर मी माझ्याकडे घेतलं. एकेक फोलिओ वरून खाली तपासत जाताना त्याचं खातं आलं. ते आमच्याकडे आहे हे मला माहीत होतं. वाचलं मात्र कधी नव्हतं.

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला फोलिओ वाचता येतो. तो नुसत्या आकड्यांची रांग नसतो, माणूस कसा जगतो ते त्यात उमटतं. याच्या खात्यात दर महिन्याच्या पाच तारखेपासून रोकड भरणा सुरू व्हायचा. सहाशे पन्नास, आठशे, अकराशे पन्नास, पुन्हा सातशे. वसुली संध्याकाळी व्हायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे बँकेत. अठरा-वीस तारखेला भरणा थांबायचा. मग मुंबईच्या नावाने डिमांड ड्राफ्ट. वीस तारखेला दर महिन्याला चोवीसशे रुपये रोख काढलेले, एकही महिना न चुकता. पावसाळ्यात भरणा तेवढाच, पण ड्राफ्ट वाढलेले. विजा पडल्या की अँप्लिफायर जळतात हे मला नंतर कळलं. दिवाळीच्या आधी भरण्यात उडी. आणि सगळ्या महिन्यांची बेरीज हळूहळू वर चढत गेलेली. कुठे चेक परत नाही, कुठे खातं रिकामं नाही.

मी हेड कॅशियरला विचारलं, हे चोवीसशे कसले? तो म्हणाला, “सावकाराचं व्याज, साहेब. ऐंशी हजारांवर महिना तीन टक्के. बाकीचे पैसे बायकोच्या दागिन्यांवर उभे केलेत त्याने. आपल्याकडे झालं नव्हतं ना त्याचं.” त्याने हे कुरकुर म्हणून सांगितलं नाही. त्याला वाटलं, मला माहीत असेल.

मी पेन्सिलीने कडेला आकडे मांडले. आमचा तेव्हाचा दर आजच्या मानाने चढाच होता, तरी तेवढ्याच रकमेवर आमचं व्याज महिना अकराशेच्या आसपास झालं असतं. म्हणजे दर महिन्याला हा मुलगा माझ्या टिपणाचे तेराशे रुपये भरत होता. ते मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. कागद माझ्याच कपाटात होता.

त्या रात्री मी पुढचे फोलिओ पाहत राहिलो, फरक शोधायचा सोडून. आमच्या नाट्यमंडळातल्या एका प्रतिष्ठित व्यापाऱ्याचं खातं आलं. त्याला मी विनातारण ओव्हरड्राफ्ट दिला होता. चेक परत गेलेले, मर्यादा ओलांडलेली, शेवटच्या आठवड्यात वरवर भरणा करून झाकलेलं खातं. त्याच्याबद्दल मला कधी शंका आली नव्हती, कारण तो आमच्यासारखं बोलायचा. दोन्ही फोलिओंवरची नावं झाकून कुणी माझ्यासमोर ठेवली असती तर कुणाला कर्ज द्यायचं हे मी क्षणात सांगितलं असतं. नुसतं सांगितलं नसतं, त्या माणसाच्या दुकानात स्वतः जाऊन, आमच्याकडून घ्या, म्हणालो असतो. नाव दिसलं, धंदा दिसला आणि माझी अक्कल तिथे थांबली. मी स्वतःला वाचता येणारा माणूस समजत होतो, पण ज्यांना आधीच मान दिला होता त्यांचंच मला वाचता येत होतं.

एप्रिलमध्ये मी त्याच्याकडे गेलो. आधी कळवलं नाही. दुकानाच्या गच्चीवर पत्र्याची खोली होती, तिला ती मंडळी कंट्रोल रूम म्हणत. आत फळ्यांवर रिसीव्हर आणि मॉड्युलेटर एकावर एक, दोन व्हीसीआर, दोन पंखे यंत्रांच्या दिशेने, आणि माणसाला एक स्टूल. तो गडबडला, मग समजावून सांगू लागला. त्या वेळच्या कितीतरी टीव्हींवर आठ किंवा बाराच चॅनेल लागत, म्हणून कुठली वाहिनी कुठल्या आकड्यावर बसवायची हाच मोठा प्रश्न. वरच्या आकड्यावर चित्र लवकर मरतं, वायर जितकी लांब तितकं जास्त. म्हणून मधे मधे अँप्लिफायर लागतो. अँप्लिफायरला वीज लागते. ती कुठून आणायची?

“कुणाच्या तरी घरातून,” तो म्हणाला. “ज्याच्या घरात अँप्लिफायर, त्याला केबल फुकट. पण त्याने गावाला जाताना मेन स्विच बंद केला की पुढची सगळी गल्ली बंद. म्हणून कोण कधी गावाला जाणार, कुणाकडे लग्न, कुणाकडे बाळंतपण, सगळं माहीत ठेवावं लागतं.”

मी त्या स्टुलावर बसून हे ऐकत होतो आणि नकाशा आठवत होतो. त्याची वायर तीनशेएक घरांना गेली होती, पण ती आणखी कितीतरी भिंतींवरून, गच्च्यांवरून, झाडांवरून गेली होती, आणि त्या प्रत्येक ठिकाणी कुणीतरी त्याला खिळा ठोकू दिला होता. कुणी काही लिहून दिलेलं नव्हतं. मनात आलं तर कुणीही ती कापू शकलं असतं. ती टिकली होती, कारण वायर गेलेली कळताच हा रात्री अकरालाही शिडी घेऊन येतो हे लोकांना माहीत होतं. बँकेच्या भाषेत मी ज्याला जामीनदार म्हणतो तसे त्याला शेकडो होते. मी मात्र दोन मागितले होते, आणि तेही सातबारावाले.

त्या खोलीत मला आणखी एक धक्का बसला. दुपारी तो सिनेमाऐवजी स्थानिक गोष्टी दाखवायचा. नगरपालिकेचं पाणी कधी येणार, शाळेचं स्नेहसंमेलन, गणपतीची मिरवणूक. शहरातल्या एका एकांकिका स्पर्धेचं त्याने भाड्याच्या कॅमेऱ्यावर चित्रण करून घेतलं होतं आणि लोकांच्या मागणीवरून ते पुन्हा पुन्हा लावलं होतं. प्रेक्षागृहात कधी न गेलेल्या बायकांनी ते पाहिलं. दूरदर्शनवर मराठीच्या वाट्याला संध्याकाळ होती, रात्रीच्या बातम्यांनंतर पडदा दिल्लीचा. आमच्या गावचं नाटक दूरदर्शनवर येण्याची शक्यता किती? मराठी संस्कृती बुडते म्हणून मी ज्याच्या नावाने भाषणं देत होतो, तो आमच्या गावाचं मराठी गावालाच दाखवत होता. ज्या दूरदर्शनच्या बाजूने मी भांडत होतो त्याच्याकडे गावभागासाठी वेळ नव्हता, आणि तसा तो कधी असणारही नव्हता.

माझे सगळेच आक्षेप खोटे होते असं मात्र मी म्हणणार नाही. चोरीच्या कॅसेटी त्यानेही लावल्या होत्या, आणि त्याने ते नाकारलं नाही. निर्मात्याच्या कष्टाचे पैसे बुडतात ते बुडतातच. याबाबतीत माझं मत आजही बदललेलं नाही. पण कॅसेटीबद्दलचा राग मी वायरीवर, शिडीवर, त्या मुलाच्या घामावर काढत होतो.

निवृत्तीनंतर मी या धंद्याबद्दल मिळेल ते वाचलं. अमेरिकेत केबलची सुरुवात करणाऱ्यांत पेन्सिल्व्हेनियातल्या महानॉय सिटी या छोट्या गावातला जॉन वॉल्सन नावाचा दुकानदार होता. १९४८च्या सुमाराची गोष्ट. फिलाडेल्फियाचं प्रक्षेपण डोंगरामुळे गावात पोचत नव्हतं, म्हणून त्याचे टीव्ही विकले जाईनात. त्याने डोंगरावर अँटेना उभारला, वायर दुकानापर्यंत आणली आणि वाटेतल्या घरांना जोडून दिली. या लोकांनाही पुढे चोर म्हटलं गेलं. सिनेमाच्या हक्कांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६८मध्ये केबलवाल्यांच्या बाजूने लागला. हक्कदारांना पैसे देण्याची रीत १९७६च्या कायद्याने बसवली. टेड टर्नरचं तर जगाला माहीत आहे. १९७०मध्ये त्याने अटलांटातली एक तोट्यातली वाहिनी घेतली, डिसेंबर १९७६मध्ये ती उपग्रहावर चढवली आणि गावोगावच्या केबलवाल्यांमार्फत देशभर पोचवली. १ जून १९८०ला त्याने चोवीस तास बातम्यांची सीएनएन काढली तेव्हा ती टिकेल असं मानणारे थोडेच होते. टर्नरचं नाव होतं. त्याची वाहिनी शेवटच्या घरात नेणाऱ्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. आपल्याकडेही तसंच झालं.

त्या एप्रिलनंतर मी त्याला पुन्हा अर्ज करायला सांगितलं. त्याला अहो म्हणालो, तर तो जरा चमकला. विश्वास बसायला त्याला वेळ लागला, पण अर्ज केला. मी मनापासून शिफारस लिहिली, खात्याचा उतारा जोडला आणि रक्कम माझ्या अधिकारात बसत असूनही, पूर्वी नाकारलेलं प्रकरण म्हणून ते नियमाप्रमाणे क्षेत्रीय कार्यालयाकडे पाठवलं. प्रकरण परत आलं. नकाराच्या पत्रात म्हटलं होतं की याच अर्जदाराच्या बाबतीत शाखेने १९९२मध्ये नोंदवलेली कारणं अद्याप लागू आहेत. खाली माझी तिन्ही वाक्यं होती, जशीच्या तशी.

ते पत्र हातात घेऊन मी किती वेळ बसलो होतो कुणास ठाऊक. माझं मत बदललं होतं. कागदाचं बदललं नव्हतं. मी ते एकदा लिहून संस्थेच्या हवाली केलं होतं आणि आता ते माझं ऐकत नव्हतं. मी भांडायला हवं होतं. क्षेत्रीय कार्यालयात जाऊन, ती वाक्यं माझी आहेत आणि ती चुकीची आहेत, असं सांगायला हवं होतं. मी एक स्मरणपत्र पाठवलं आणि थांबलो. बढतीचं वर्ष होतं. याहून वेगळं कारण शोधण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. ते नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. त्याच सुमाराला कायद्याची अडचणही संपली. सप्टेंबर १९९४मध्ये अध्यादेश आणि मग १९९५चा केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायदा आला. केबलवाल्याने मुख्य टपाल कार्यालयात नोंदणी करायची, दूरदर्शनच्या किमान दोन वाहिन्या दाखवायच्या. फेब्रुवारी १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती पी. बी. सावंतांच्या निकालात, प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असं सांगितलं. निकालाची बातमी मी नव्या शाखेत वाचली. लहरी सरकारच्याच, असं मी तोवर गृहीत धरलं होतं. त्या माझ्याही होत्या आणि गावभागातल्या त्या मुलाच्याही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

त्याला मात्र याचा फायदा थोडाच झाला. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून वाहिन्या एकेक करून सशुल्क होऊ लागल्या. प्रत्येकीचा वेगळा डिकोडर, प्रत्येकीला जोडणीमागे पैसे. ज्याच्याकडे भांडवल त्याने मोठं केंद्र उभारायचं आणि तिथून छोट्या केबलवाल्यांना सिग्नल द्यायचा, असं नवं चित्र तयार झालं. मोठे उद्योगसमूह त्यात उतरले. छोट्या माणसापुढे दोनच मार्ग होते: स्वतः डिकोडर घ्यायचे किंवा मोठ्याकडून सिग्नल घेऊन त्याचा वसुलीवाला व्हायचं. त्यातून हद्दीची भांडणं झाली, रात्री एकमेकांच्या वायरी कापल्या गेल्या. केबल म्हणजे गुंडगिरी, असं लोक म्हणू लागले. मीही म्हणालो असतो. पण आता मला दुसरी बाजू दिसत होती. चित्रपटसृष्टीलासुद्धा बँकांचं कर्ज नीट मिळू लागलं ते १९९८मध्ये उद्योगाचा दर्जा जाहीर झाल्यानंतर, मग केबलवाला कुठे? आम्ही दार लावलं की माणूस सावकाराकडे जातो, आणि सावकार वसुलीला आपली माणसं घेऊन येतो. या धंद्यात दांडगाई कुठून आली याचं एक उत्तर आमच्या नाकारलेल्या फायलींत आहे, असं मी आज मानतो.

त्याने १९९८मध्ये आपलं नेटवर्क एका मोठ्या कंपनीच्या ताब्यात दिलं आणि तिच्या सिग्नलवर वसुली करू लागला. हे मला फार नंतर, निवृत्त होऊन सांगलीला आल्यावर कळलं. आता तो साठीकडे झुकला आहे आणि त्याच खांबांवरून घरोघर इंटरनेटची फायबर देतो. आमच्या भेटी होतात. एकदा धीर करून मी विषय काढला. खरं सांगायचं तर मला त्याच्याकडून एक वाक्य ऐकायचं होतं. म्हणून मी म्हणालो, “तेव्हा बँकेने दिलं नाही, म्हणून तुम्ही इतके कणखर झालात, असं वाटतं का कधी?”

तो रागावला नाही. त्याने विचार केला.

“नाही वाटत, साहेब. सावकाराचं मुद्दल मी शहाण्णव सालाच्या शेवटी फेडलं. तोवर व्याजात जे जास्तीचं गेलं, त्यात माझे पाच-सहा डिकोडर आले असते. तेवढे असते तर मी लाइन विकली नसती.”

मी मनात हिशेब केला. महिना तेराशे, १९९२च्या मध्यापासून १९९६च्या अखेरपर्यंत. सत्तर हजारांच्या आसपास. त्याचा आकडा बरोबर होता, आणि मी त्याला तसं सांगितलं.